घरभाड्याची पावती आणि भाडेकरूंचा संघ
(नागपूर येथील भाडेकरूंच्या सभेंत झालेलें भाषण)



आजच्या या सभेंत मागावर बसणारे आहेत, गवंडी-सुतार आहेत, कळमन्याच्या बाजारांत पोतीं उचलणारे आहेत, हिंगण्याच्या कारखान्यांत पाळी करणारे आहेत, आणि शेत पिकेना म्हणून पोटामागें शहरांत आलेले कुणबी, तेली, माळीहि आहेत. बहुतेकांचें दुखणें एकच. राहतें घर आपलें नाहीं. महिन्याच्या महिन्याला किराया मोजावा लागतो, दरसाल तो वाढतो, आणि घरमालकानें 'खोली सोडा' म्हटलें कीं चूल, भांडीं आणि पोरें घेऊन दुसरी खोली हुडकीत फिरावें लागतें. त्यांत पोरांची शाळा सुटते, बाईचीं धुण्याभांड्याचीं घरें सुटतात, शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलतो.

या दुखण्यावर औषधें दोन आहेत. एक कागद आणि दुसरी जूट. जुटीवांचून कागद लुळा आणि कागदावांचून जूट आंधळी. या दोहोंविषयीं मी आज बोलणार आहें.

हा हक्क नवा नाहीं

कोणी म्हणतील, गरिबाला घराचा हक्क ही आजकालची टूम आहे. तसें नाहीं. आपल्या नागपूर प्रांतांत मालगुजारी होती. गांवचा धनी मालगुजार, गांवठाणाचाहि धनी तोच. तरी १९१७ च्या मध्यप्रांत जमीन महसूल कायद्यानें, गांवांत जमीन कसणाऱ्यास आणि गांवचें काम करणाऱ्या कारागीर-मजुरास आबादींत घरापुरती जागा विनाभाड्यानें मिळावी, हें मान्य केलें होतें. इंग्रज सरकार कांहीं आपलें मामा नव्हतें. पण जो गांवाचें काम करतो त्याला गांवांत पाठ टेकायला जागा नसेल तर गांवच चालणार नाहीं, एवढें त्यालाहि कळत होतें.

पुढें ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी गेली. १९५८ सालीं विदर्भासाठीं कूळकायदा झाला आणि कसणाऱ्यास जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. परंतु ज्याचें नांव दप्तरांत होतें, त्याचें निभावलें. ज्याची वहिवाट तोंडी होती, त्याला आपण कूळ होतों हें शाबीत करतां करतां नाकीं नऊ आले. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला, तेव्हांपासून आपण हेंच ऐकत आलों कीं, ज्याला लिहितां-वाचतां येत नाहीं त्याचें शेत दुसऱ्याच्या लेखणीनें जातें. आज शेताच्या जागीं खोली आहे, एवढाच फरक.

दात्याची मर्जी आणि कायद्याचा हक्क

१ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतून माणसें येथें आलीं. राहायचें कोठें, हा प्रश्न तेव्हांपासूनचा. इंदोऱ्याजवळ बेझनबाग आहे, ती त्या गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या नांवाची. गिरणीनें सरकारकडून जमीन घेतली, कामगारांस भूखंड व कर्ज दिलें आणि त्यांनीं आपलीं घरें आपण बांधावीं अशी योजना केली. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही कमिशननें १९३१ सालीं तिची दखल घेतली. कामगाराला घरधनी करणें अशक्य नाहीं, हें येथेंच, आपल्या डोळ्यांसमोर सिद्ध झालेलें आहे.

मग ती वाट सर्वांसाठीं कां मोकळी झाली नाहीं? कारण ती धन्याच्या मर्जीवर होती. गिरणी होती तोंवर योजना होती. आज त्या गिरणीचा भोंगाहि वाजत नाहीं.

कायद्याची गोष्ट निराळी. महायुद्धानंतर शहरांत घरांची टंचाई झाली, तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारचा १९४९ चा भाडेनियंत्रण हुकूम निघाला. त्याचें तेरावें कलम म्हणजे नागपूरच्या भाडेकरूची ढाल होती. घरमालकास खोली सोडण्याची नोटीस द्यावयाची, तर आधीं रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यावी लागे. परवानगीला कारण लागे: भाडें थकलें, परवानगीवांचून पोटभाडेकरू ठेवला, किंवा मालकाला स्वतःला घराची खरी गरज आहे. मग पुढें दिवाणी कोर्ट. मालकाचा राग हें कारण होऊं शकत नसे. हा हुकूम पन्नास वर्षें चालला. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागीं महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि तोच आज लागू आहे.

आजचा कायदा काय देतो

बंधूंनो, हें नीट ऐका आणि घरीं जाऊन बायकापोरांना सांगा. तुम्ही कायद्यानें भाडेकरू असाल, तर दिलेल्या भाड्याची लेखी पावती देणें मालकावर बंधनकारक आहे. भाडें वर्षाला शेंकडा ४ याप्रमाणें वाढवितां येतें. मनाला येईल तसें नाहीं. भाडें थकलें म्हणून दावा लावायचा, तर आधीं लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावें लागतें. दावा झालाच, तरी कोर्टाचें समन्स पोंचल्यापासून ९० दिवसांत सारी बाकी शेंकडा १५ व्याजासह व दाव्याच्या खर्चासह कोर्टांत भरली आणि पुढेंहि नेमानें भरीत राहिलें, तर त्या कारणावरून घर जात नाहीं. योग्य कारणावांचून पाणी किंवा वीज तोडणें हा गुन्हा आहे. भाडेकरू वारला, तर त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क बुडत नाहीं. नवरा गेल्यावर 'आतां करार संपला' असें कोणी विधवेला सांगूं लागला, तर तें खोटें समजावें.

आणखी एक कलम आहे, पंचावन्नावें. भाड्याचा करार लेखी असावा आणि नोंदलेला असावा. नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. करार नोंदला नसेल, तर अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, मालकानें उलट शाबीत केलें नाहीं तोंवर, खरें धरलें जातें. आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. म्हणजे कागद नाहीं म्हणून भ्यावें तें मालकानें, आणि भितों आपण!

एका शब्दाचा खेळ

परंतु येथेंच एक मोठी मेख आहे. अलीकडे मालक जो अकरा महिन्यांचा कागद पुढें करतात, त्यावर बहुधा 'भाडेकरू' हा शब्दच नसतो. त्यावर 'लिव्ह अँड लायसन्स' असें लिहिलेलें असतें. म्हणजे तुम्ही भाडेकरू नव्हे, परवानगीनें राहणारे. मुदत संपली कीं कारण न देतां बाहेर पडावें लागतें. न पडल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. वर सांगितलेल्या ढाली यांतल्या माणसाला पुष्कळशा उपयोगी पडत नाहींत. लेखी कागद झाला म्हणजे त्यांतलें म्हणणें पक्कें धरलें जातें. मागाहून 'मला वाचून दाखविलें नव्हतें' म्हणून चालत नाहीं. त्याच खोलींत, तोच किराया देऊन, एका शब्दानें माणसाचा हक्क उणा होतो.

अनामत रकमेचीहि अशीच गत. केंद्र सरकारनें २०२१ सालीं एक नमुना कायदा केला. त्यांत राहत्या घरासाठीं दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊं नये असें आहे. पण तो नमुना आहे. राज्याच्या विधिमंडळानें केल्यावांचून तो कोणावर चालत नाहीं. तेव्हां ही मागणी आपणच करावयाची आहे.

मालकाची बाजू आणि आपल्यांतले मालक

मालकाचीहि बाजू ऐकली पाहिजे. आपल्यांतलीच एखादी बाई मागची खोली किरायानें देऊन पोट भरते. किरायदार भाडेंहि देईना आणि खोलीहि सोडीना, तर तिनें काय करावें? जुन्या कायद्यांत अशांचे खटले वर्षानुवर्षें रेंगाळत आणि भिऊन लोक खोल्यांना कुलूप लावून ठेवीत. तो परवान्याचा करार याच भीतीवर उतारा म्हणून वाढला. म्हणून आपली मागणी फुकट खोलीची नाहीं. ठरलेलें भाडें, ठरलेली मुदत, दिलेल्या पैशाची पावती, अनामत परत, आणि कारणावांचून हुसकणें नाहीं, एवढीच ती मागणी आहे. प्रामाणिक मालकाचें यांत कांहीं जात नाहीं.

पण एक कडू गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. शेटजी-भटजींच्या नांवानें खडे फोडणें सोपें आहे. आज नागपुरांत खोल्या काढून किराया घेणारे पुष्कळजण आपल्याच बहुजन समाजांतले आहेत. पावती न देणारे त्यांतहि आहेत. खोली दाखवितांना आधीं आडनांव विचारणारे आणि जात किंवा धर्म पाहून 'खोली गेली' म्हणणारे त्यांतहि आहेत. १९२० सालीं याच शहरांत शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखालीं बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. तिला शंभरावर वर्षें झालीं. सभेंत जोतीरावांचा जयजयकार करावयाचा आणि घरीं येऊन दलित किंवा मुसलमान किरायदाराला दारावरून परतवावयाचें, हा कोणता सत्यधर्म? या सभेंत असे घरमालक बसले असतील, तर त्यांनीं रागावूं नये, विचार करावा.

पट्टा आणि मागची खोली

नागपुरांत चारशेंहून अधिक झोपडपट्ट्या आहेत. २०११ च्या जनगणनेंत त्यांत सुमारे साडेआठ लाख माणसें मोजलीं गेलीं, म्हणजे शहरांतल्या शंभर माणसांपैकीं पस्तीस. अनेक वर्षें मोर्चे आणि अर्ज केल्यानंतर सरकारी जमिनीवरच्या कुटुंबांस पट्टे देण्याचें धोरण आलें. कांहींना पट्टे मिळाले. पुष्कळांचे अडले आहेत. कोठें जमीन नझूलची, कोठें महापालिकेची, कोठें सुधार प्रन्यासाची, कोठें रेल्वेची, कोठें खासगी. आणि कोठें दप्तरांत 'झुडपी जंगल' असा शेरा. जमीन कोणाची, हेंच कळत नसेल तर अर्ज कोणत्या दाराशीं नेणार? म्हणून प्रत्येक वस्तीनें आधीं आपल्या जमिनीचा उतारा काढावा.

आणि पट्टा मिळालेल्यांनो, तुमच्या घराच्या मागच्या खोलींत कोणी किरायानें राहत असेल. पट्टा तुमच्या नांवानें झाला, त्याच्या हातीं कांहींच आलें नाहीं. काल तुम्हांला जी धास्ती होती, ती आज त्याला आहे. त्याला पावती देणें हें तुमचें पहिलें काम.

गांव करी तें राव न करी

आतां जुटीविषयीं. 'शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये' ही म्हण कोणाच्या सोयीची आहे, याचा विचार करा. एकटा माणूस पावती मागतो, तेव्हां मालक म्हणतो, 'पावती पाहिजे तर दुसरी खोली बघ.' एकाच दिवशीं चाळीस बिऱ्हाडांनीं पावती मागितली, तर चाळीस खोल्या रिकाम्या करण्याची छाती कोणत्या मालकाला होईल?

नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, 'दीनबंधु' पत्राचे चालक. मुंबईच्या गिरणीकामगारांस तेव्हां आठवड्याची सुटी नव्हती. १८८४ सालीं त्यांनीं सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढें ठेविला. सहा वर्षें नेट लावल्यावर १० जून १८९० रोजीं मालकांनीं सुटी मान्य केली. सही न येणाऱ्यांच्या निशाण्यांनीं हें झालें.

दूरदेशचें उदाहरण घ्या. १९१५ सालीं पुरुष लढाईवर गेले असतां स्कॉटलंडांतल्या ग्लासगो शहरीं घरमालकांनीं भाडीं वाढविलीं. मेरी बार्बर नांवाच्या कामगार बाईनें घरोघरच्या बायका उभ्या केल्या. वाढीव भाडें कोणी द्यावयाचें नाहीं असें ठरलें. जप्तीवाला आला कीं गल्लींत घंटा वाजे आणि साऱ्या बायका हातांतलें काम टाकून दाराशीं उभ्या राहत. वीस हजारांहून अधिक घरें त्यांत सामील झालीं. त्याच सालीं विलायतेच्या पार्लमेंटला कायदा करून भाडीं लढाईपूर्वींच्या दरावर बांधावीं लागलीं. बायांनो, दिवसभर घरांत कोण असतें आणि दार कोण उघडतें? तुम्ही. म्हणून भाडेकरूंच्या संघांत अर्ध्या जागा तुमच्या असाव्यात, आणि करारावर तुमचेंहि नांव असावें.

काय करावें

सभेपुढें माझ्या सूचना या आहेत. प्रत्येक गल्लीनें एक वही घालावी. तींत बिऱ्हाड, राहूं लागल्याचें साल, किराया, अनामत आणि पावती मिळते कीं नाहीं, एवढें लिहावें. किराया रोख न देतां शक्यतों बँकेमार्फत द्यावा. तोहि एक पुरावाच आहे. शिकलेल्या पोरानें वाचून अर्थ सांगितल्यावांचून कोणीहि कागदावर सही किंवा अंगठा करूं नये. पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सर्वांनीं मिळून, नम्रपणें, पावती मागावी. भाडें मात्र कोणीहि थकवूं नये; थकबाकीदाराच्या मागें संघाला उभें राहतां येत नाहीं. आणि कोणाचें सामान रस्त्यावर काढलें जात असेल, तर जात, पंथ, पक्ष न विचारतां साऱ्या गल्लीनें तेथें जाऊन उभें राहावें.

वही आणली आहे. पहिलें पान कोरें आहे. सभा संपल्यावर रांगेनें येऊन नांवें घालावीं. ज्यांना लिहितां येत नाहीं, त्यांचें लिहून देण्यास येथें चार मुली बसल्या आहेत. एवढें बोलून मी आपली रजा घेतों.