माळाची बाजू

संयोजकांनी अध्यक्षपद दिले त्याबद्दल आभार. जालन्याच्या उन्हात जंगलावर परिषद भरवण्याचे धाडस केले, त्याबद्दल थोडे जास्त आभार.

विषय आहे बदलत्या हवामानातील वनसंशोधन आणि वनव्यवस्थापन. अध्यक्षाने गेल्या काही वर्षांच्या कामाचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. प्रस्तुत वक्त्याने तसे टिपण केलेही होते. सुरुवात पार उत्तरेकडून, कॅनडा आणि सायबेरियाच्या सूचिपर्णी पट्ट्यापासून होणार होती. २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्रात आगी पसरल्या. त्याआधीच ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीखाली वाढणाऱ्या भुंगेऱ्याने डोंगरच्या डोंगर वाळवून टाकले होते, कारण त्याच्या अळ्या मारणारी कडाक्याची थंडी पूर्वीसारखी पडेनाशी झाली. तिथून हिमालय, मग सह्याद्री आणि शेवटी मराठवाडा, असा बेत होता.

पण टिपण एका कागदापाशी अडले. २०१९ साली झुरिकच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये हिशेब मांडला की जगात आणखी सुमारे ९० कोटी हेक्टरांवर झाडी वाढू शकते. काही महिन्यांतच त्याच नियतकालिकात जोसेफ वेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिशेबातली खोट दाखवली. त्यात गवताळ प्रदेश आणि उत्तरेकडची बर्फाची जमीनही झाडांसाठी मोकळी धरली होती. बर्फावर पडलेले ऊन बरेचसे माघारी जाते. तिथे काळपट झाडी उभी केली की ती तेच ऊन शोषून घेते आणि थंडावा मिळण्याऐवजी भोवताल तापतो. शिवाय उत्तरेच्या जंगलात असो की गवताळ माळावर, कार्बनचा मोठा साठा जमिनीखाली असतो. वर किती खोडे उभी आहेत, यावरून त्याचा अंदाज येत नाही.

हे वाचल्यावर सायबेरिया मागे पडला आणि जालन्याचा माळ पुढे आला. इथून पुढे आढावा नाही. बरीच वर्षे पोटात ठेवलेली तक्रार आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला आणि वनाच्छादनाच्या तक्त्यात तो राज्याच्या तळाजवळच सापडतो. बैठकीत हा तक्ता निघाला की कोणीतरी १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीतला एक तृतीयांश वनाचा आकडा काढतो. तो आकडा सबंध देशासाठी होता, प्रत्येक जिल्ह्याला सारखा वाटून द्यायला नव्हे, हे सांगणाऱ्याकडे सभागृह चहाच्या वेळी बोलणाऱ्याकडे पाहावे तसे पाहते. मग मोहिमा येतात. २०१६ साली राज्यात दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, पुढच्या वर्षी चार, मग तेरा आणि २०१९ साली तेहतीस कोटींचा. एवढ्या झाडांना जागा कुठे? काळ्या रानातली तर कोणी देत नाही. मग उरते गायरान, बरड आणि डोंगराची उतरण.

तक्त्याची गंमत अशी की भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के किंवा त्याहून जास्त छत्र दिसले की ते वनाच्छादन धरते. जमीन कोणाची आणि झाड कोणते, हा प्रश्न नसतो. म्हणजे बदनापूरकडची दाट मोसंबीची बाग त्यात बसू शकते. शेजारचा पवन्या, मारवेल आणि कुसळीचा माळ बसत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात बागांचे काय झाले, ते या सभागृहातल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. टँकरने पाणी घालून लोक दमले आणि शेवटी वाळलेली झाडे उपटली. माळ मात्र पुढच्या पावसात पुन्हा हिरवा झाला. त्याची नोंद कोणत्याच रकान्यात नाही.

कुसळीचे एक बी कधी ओल्या तळहातावर ठेवून पाहावे. त्याची लांब शेपटी ओलीने पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते आणि या मागेपुढे वळण्यात टोकदार बी स्वतःला जमिनीत रोवून घेते. पहिल्या पावसाआधी खड्डा नको, खत नको, मजुरीचे हजेरीपत्रकही नको.

कोणी म्हणेल, हा माळ म्हणजे कुऱ्हाडीने आणि शेळ्यांनी बिघडवलेले जंगल आहे. याविरुद्ध आता पुरावा आहे आणि तो आपल्याच भाषेत आहे. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतले, ओव्यांतले, कथांतले झाडांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात तेव्हाही हिवर, तरटी अशी माळावरचीच झाडे मोठ्या संख्येने सापडतात. इंग्रज येऊन जंगल तोडून गेले म्हणून माळ झाला, ही कथा त्यामुळे फारशी टिकत नाही. जुन्या साहित्याने वनशास्त्राला एवढी मदत क्वचितच केली असेल.

सकाळच्या सत्रात देशी की परदेशी झाडे, यावर घनघोर चर्चा झाली. प्रस्तुत वक्त्याचे मत भोकरदनच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उतरणीवर बनले. एका यंत्रणेने तिथली गवताची टेकडी रोपवनाला घेतली. जेसीबीने सलग समतल चर खोदले, मुरूम खालच्या बाजूला ओतला, वड-पिंपळाची देशी रोपे लावली आणि फलक उभा केला. मेंढ्या घेऊन आलेला एक म्हातारा बराच वेळ पाहत होता. म्हणाला, ‘झाडं लावा की साहेब, पर गवताच्या डोक्यावर मुरूम कामून टाकता?’ दोन उन्हाळ्यांत रोपे गेली. मुरमावर तरोटा माजला, पुढे वेडी बाभूळ शिरली. मेंढ्या खाली शेतांत उतरल्या आणि गावात भांडणे लागली. देशी रोप चुकीच्या जागी लावले तर ते देशी असून उपयोग काय?

वणवा टाळायला बंदी घालावी की गवत कापू द्यावे, हा वाद तर त्याहून जुना. जाळरेषा वेळेवर साफ हव्यात, यात दुमत नाही. पण अंबडच्या बाजूला ज्या गावांना दिवाळीनंतर गवत कापून न्यायची मोकळीक होती, तिथे वणव्याचा निरोप क्वचितच आला. जिथे काट्याचे कुंपण आणि बंदी होती, तिथे वाळलेले गवत गुडघाभर साचले आणि एका विडीने टेकडी गेली. तापमान वाढते आहे, तसे हे गवत अधिक लवकर वाळेल. वक्त्याच्या लेखी हा वाद इथे मिटतो. ज्यांना आणखी संगणकी प्रारूपे चालवून पाहायची असतील, त्यांनी खुशाल पाहावीत.

आता कडवंचीचे उदाहरण पुढे केले जाईल, आणि ते करावेच. जालना तालुक्यातल्या या गावात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात १९९६ पासून माथा ते पायथा काम झाले. शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. चर तिथेही खोदले होते. पण कामाचा हिशेब पाण्याचा होता. आधी माती धरली, पाणी मुरवले. फलकावर झाडांची संख्या लिहून कोणी घरी गेले नाही. हा फरक दिसत नसेल तर कडवंचीच्या सहली बंद केलेल्या बऱ्या.

माळावर जे राहते, तेही कुणाच्या खात्यात नाही. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक यांना उघडी जमीन लागते. दाट रोपवनात ते राहत नाहीत. गायरानावर रोपे नसतील तर आता सौर पॅनेल येतात. सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या टप्प्यात सरकारी जमिनी दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, हे खरेच. कोणते गायरान द्यायचे आणि कोणते राखायचे, हे ठरवण्याआधी तिथे काय उगवते ते कोणी पाहिले आहे का, एवढेच विचारायचे आहे.

करायच्या कामांचे म्हणाल तर आठही तालुक्यांतल्या गायरानांची गवतासकट नोंदवही व्हावी. ती महाविद्यालयांनी करावी की ग्रामपंचायतींनी, ते ठरवावे लागेल. पवन्या-मारवेलचे बी जमवणारी एखादी रोपवाटिका हवी. बियाण्यांच्या धंद्यावर मोठे झालेल्या या शहराला ते अवघड जाऊ नये. मेंढपाळांना पुढच्या परिषदेला बोलवावे, आणि भाषणे ऐकायला नव्हे. बाकी मसुदा दुपारच्या ठराव समितीकडे दिला आहे. त्यात दुरुस्त्या सुचवणाऱ्यांनी जेवणाआधी चिठ्ठ्या पाठवाव्यात.