फलक नको, पगार द्या



प्रास्ताविकात देणगीदारांची यादी वाचली गेली. त्यातल्या बहुतेकांना मी ओळखतो, त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या पैशाच्या वाटेबद्दल. अध्यक्ष म्हणून तुम्ही मला इथे उभं केलंत, तेव्हा वाद घालण्याचा हक्कही दिलात असं मी धरून चालतो.

हैदराबादचे आपण मराठी लोक दगडाला सढळ हाताने देतो आणि माणसाला देताना हात आखडतो. कमान, सभामंडप, संगमरवरी फरशी म्हटली की पावतीपुस्तक संपतं. ग्रंथपालाचा पगार, संशोधन करू पाहणाऱ्या मुलीची तीन वर्षांची शिष्यवृत्ती, एखादी नवी कल्पना करून बघायचा खर्च, असे विषय निघाले की बैठक आटोपती घेतली जाते. शहरात नवं काही उभं राहतं आणि त्यातून लोकांचं जगणं सुधारतं, ते मात्र या दुसऱ्या पैशावर. आपल्या हैदराबादेनेच हे दाखवून दिलं आहे.

क्लोरोफॉर्मने भूल देताना माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय बंद पडून, यावर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या डॉक्टरांत मोठं भांडण होतं. ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ मध्ये हैदराबादेत क्लोरोफॉर्म आयोग बसवला. त्याचे निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पटले नाहीत. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी हजार पौंड दिले: तुमचा माणूस पाठवा, प्रयोग पुन्हा करू. १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’तर्फे लॉडर ब्रंटन इथे आले, जनावरांवर शेकडो प्रयोग झाले. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या कामात होत्या. भूलतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. आयोगाने सांगितलं, श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला धोका नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुडमन लेव्ही यांनी सिद्ध केलं की क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी थांबू शकतं. आयोगाचं उत्तर चुकलं होतं.

मग ते हजार पौंड वाया गेले का? आपल्या एखाद्या कार्यकारिणीपुढे हा हिशेब आला असता तर ‘निष्फळ खर्च’ असा शेरा बसला असता, याची मला खात्री आहे. पण त्या पैशाने एक प्रश्न जगासमोर इतक्या ठामपणे मांडला की तो खोडून काढण्यासाठी दुसऱ्यांना झटावं लागलं. चुकीचं उत्तर येईल या भीतीने जो देत नाही, त्याच्या पैशातून बरोबर उत्तरही कधी येत नाही.

पुढचे निजाम मीर उस्मान अली खान. त्यांच्या राज्यात मराठी शाळा चालवायच्या तर किती झगडावं लागे, हे मी विसरलेलो नाही. पण त्याच निजामांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वर्षाला १,००० रुपये याप्रमाणे अकरा वर्षं मदत दिली, शिवाय अतिथिगृहासाठी ५०,००० रुपये. आपण अतिथिगृहाबद्दल बोलतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. मला ती अकरा वर्षं मोठी वाटतात. १९१९ मध्ये हाती घेतलेलं आणि १९६६ मध्ये पुरं झालेलं काम एका समारंभाच्या धनादेशावर कसं तगलं असतं?

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. दरबारची भाषा उर्दू असताना १९०७ मध्ये इथे विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिली. त्या पिढीतले केशवराव कोरटकर वसमतकडचे; इथे येऊन वकील झाले, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९३२ मध्ये ते गेले आणि १९४० मध्ये त्यांच्या नावाने नारायणगुड्यात शाळा निघाली.  तिच्याच संस्थेने २००७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. केशवरावांचा नुसता पुतळा बसवला असता तर त्यातून एकही अभियंता निघाला नसता.

आता ज्या उदाहरणासाठी मी मुख्यतः बोलतो आहे ते. एल. व्ही. प्रसाद हे चित्रपटसृष्टीतलं मोठं नाव. तरुणपणी मुंबईत पडेल ते काम करत राहिले, ‘आलम आरा’त त्यांनी भूमिका केली. अमेरिकेतून परतलेले डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव डोळ्यांची संस्था काढू पाहत होते. प्रसादांनी बंजारा हिल्सवरची पाच एकर जमीन आणि एक कोटी रुपये दिले, आणि १९८७ मध्ये संस्था सुरू झाली. पैसे भरू शकणाऱ्यांकडून घ्यायचे आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला तीच शस्त्रक्रिया फुकट द्यायची, ही तिथली पद्धत.

ही संस्था शहरात अडकून पडली नाही. खेड्यातलं तिचं पहिलं केंद्र १९९६ मध्ये मुधोळला निघालं, आणि त्याचं नाव आहे भोसले गोपाळराव पटेल नेत्रकेंद्र. बासर-भैंसा पट्ट्यातलं, आपल्या नांदेड जिल्ह्याला लागून असलेलं, घरोघरी मराठी ऐकू येणारं मुधोळ! या सभागृहातल्या किती जणांना हे नाव ठाऊक होतं? संस्थेने बसवलेली घडी अशी: बारावीपर्यंत शिकलेल्या गावच्याच मुलामुलींना वर्षभर शिकवायचं. डोळे तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं हे त्यांनी करायचं. मोतीबिंदू दिसला तर रुग्णाला मुधोळसारख्या केंद्रात पाठवायचं, त्याहून अवघड असेल तर हैदराबादला. साधारण पन्नास हजार वस्तीला एक दृष्टिकेंद्र, पाच लाखांना एक शस्त्रक्रियेचं केंद्र. नवनिर्मिती म्हणजे मोबाइलमधलं अॅप, असं समजणाऱ्यांना मी विचारतो: खेड्यातल्या पोरीच्या हाती तपासणीचं काम सोपवणं ही नवनिर्मिती नव्हे, तर काय? अशी घडी बसेपर्यंत कुणाला तरी त्या पोरीच्या शिक्षणाचा खर्च आणि पगार भरावा लागतो. तो भरायला आपण पुढे येणार आहोत का?

हायटेक सिटीतल्या आपल्या मराठी साहेबांनाही माझा सवाल आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं कायदा देतो. मग मार्च उजाडला की शाळांमधून बाकं आणि संगणक वाटण्याची घाई का होते? तो संगणक शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार प्रस्तावात का नसतो? तुम्ही त्या समित्यांवर बसता. तिथे मराठी माणूस म्हणून मिरवू नका, पण हा एक प्रश्न तरी विचारा.

‘हे सरकारचं काम आहे’ असं म्हणणारेही समोर आहेत. खरं आहे. आपण भरतो त्या मालमत्ता करात रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकर असतो, आणि त्याच्या थकबाकीच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून येतात. त्यासाठी भांडायलाच हवं. दानधर्म हा बुडवलेल्या कराला पर्याय नाही, ही माझी भूमिका पक्की आहे. पण इथल्या नगर केंद्रीय ग्रंथालयात जाऊन या. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली, अशोकनगरच्या खोल्यांत दाटीने राहणारी मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं उघडून बसलेली असतात. त्यांतल्या बहुतेकांना ती नोकरी मिळणार नाही, कारण जागाच मोजक्या असतात. या बुद्धिमान मुलांना दुसरी वाट शोधायला दोन वर्षांचा निर्वाह कोण देणार? सरकारच्या फायलीत या खर्चाला रकाना नाही. खाजगी पैशाची खरी जागा हीच: जिथे अजून नियम नाही, योजना नाही, यशाची हमी नाही, तिथे आधी जाणं.

आता व्यवहाराचं. या सभागृहाच्या प्रवेशद्वारावर नवी कमान बांधण्याचा प्रस्ताव उद्याच्या बैठकीत येतो आहे. मी त्याच्याविरुद्ध मत देणार, हे आजच जाहीर करतो. त्याच बैठकीत माझी उपसूचना असेल: कमानीसाठी जमलेली रक्कम देणगीदारांच्या संमतीने शिष्यवृत्तीकडे वळवावी, ती किमान पाच वर्षं चालावी, आणि निवड करताना मुलाची मातृभाषा विचारू नये. संमती मिळवायला दारोदार मी स्वतः जाईन. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो बैठकीत उभं राहून मांडावा. मी उत्तर द्यायला तयार आहे.