आहारातील संयम : आरंभ आणि निर्वाह

(चोपडा येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आहाराविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिचा मी सादर स्वीकार करतो. पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ कमी करण्याचा निश्चय आज आपल्यापैकी पुष्कळजण करतात. तो निश्चय पहिल्या पंधरवड्यातच का ढळतो आणि कसा टिकवावा, एवढाच माझा विषय आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे 10 कोटी लोकांस मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले 13 कोटींहून अधिक. तेव्हा हा विषय कोणा एकाच्या हौसेचा नाही, प्रत्येक घराचा आहे.

पहिली निराशा पदरी येते ती अर्धवट समजुतीमुळे. पोळी सोडून भाकरी धरली की काम झाले, असे आपण मानतो. परंतु गहू, ज्वारी वा बाजरी, कोणत्याही धान्याच्या 100 ग्रॅमांत साधारणपणे 60 ते 70 ग्रॅम पिष्टच असते. भाकरीत तंतू अधिक, हे खरे. पण चार पोळ्यांच्या जागी चार भाकरी आल्या तर फरक थोडाच पडणार! मग महिनाभराने काटा हलत नाही आणि मनुष्य म्हणतो, "हे सारे व्यर्थ आहे." व्यर्थ पथ्य नव्हे; पथ्य सुरूच झालेले नसते.

दुसरी निराशा शरीराच्या स्वभावामुळे येते. पिष्ट खरोखर कमी केले की शरीरातील साखरेचा साठा खर्च होतो व त्याच्याबरोबर साठलेले पाणीही निघून जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते आणि पुढे मंदावते. मंदावणे हे अपयश नव्हे. चरबी सावकाशच झडते. पाण्याबरोबर क्षारही जातात, म्हणून आरंभी काही दिवस डोके दुखते, थकवा वाटतो. हे आधी ठाऊक असले म्हणजे मनुष्य घाबरून पथ्य मोडत नाही. वजनाचा काटा रोज पाहू नये. कमरेचा घेर महिन्याने मोजावा आणि रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करावी.

लंडन शहरी विल्यम बँटिंग नावाचा गृहस्थ होता. साठी उलटल्यावर त्याने वैद्याच्या सल्ल्याने पाव, साखर व बटाटे सोडले. स्थूलता पुष्कळ कमी झाल्यावर 1863 साली त्याने आपला अनुभव पत्ररूपाने छापून लोकांस वाटला. ज्याने आपला निश्चय चारचौघांत सांगितला, त्याला तो पाळण्यास आणखी एक आधार मिळतो, हे आपणही ध्यानी घ्यावे.

सवय जडण्यास काळ लागतो. लंडन येथील विद्यापीठात 96 जणांवर झालेल्या व 2010 साली छापलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी 66 दिवस लागल्याचे दिसले. कोणास 18, तर कोणास त्याहून कितीतरी अधिक. त्यातच असेही आढळले की एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. म्हणून आखाजीला सांजोरी खाल्ली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पथ्यावर यावे. "आता मोडलेच आहे, तर मोडू द्या," हा विचारच खरा घातक.

आपल्या खानदेशाच्या ताटात अशा पथ्यास भरपूर जागा आहे. वांग्याचे भरीत, मेथी, शेंगदाणे, ताक आणि कढीबरोबर वाफवलेले फुणके. जे खातात त्यांच्यासाठी अंडी व मांस. डाळीत पिष्ट असतेच, परंतु प्रथिने व तंतूही विपुल असल्याने ती बेताने घेता येते. बट्टी, मांडे, साखरेचा चहा यांवर मात्र अंकुश हवा. केळी तर आपल्या तालुक्याचे वैभव. पण त्याच्या 100 ग्रॅम गरात 20 ग्रॅमांहून अधिक शर्करा व पिष्ट असते. आपण पिकवतो म्हणून ते आपल्याला बाधत नाही, असे थोडेच आहे!

आता मुख्य गोष्ट. निश्चय टिकविणे हे एकट्याचे काम नव्हे. घरी पाळलेले पथ्य आपल्या पंगतीत मोडते. "एक तरी घ्याच, नाही तर राग येईल," असे म्हणून आपण प्रेमाने पाहुण्याचा निश्चय मोडतो. आणि घरातील स्त्रीचे काय? ती सर्वांच्या मागून जेवते; भाजी संपलेली असते आणि पोळी उरलेली. तिने पथ्य पाळावे तरी कसे?

म्हणून माझी मंडळास नम्र विनंती आहे. ज्ञातीच्या लग्नकार्यांत भाजी, डाळ व ताक आधी वाढावे, गोड एकच असावे आणि "पुरे" म्हणणाऱ्यास पुन्हा वाढू नये. घरोघरी स्त्रियांनी सर्वांबरोबर पानावर बसावे. आग्रह पदार्थाचा न करता प्रकृतीचा करावा.

एक इशारा दिल्यावाचून मी थांबू शकत नाही. जे इन्शुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय हे पथ्य आरंभू नये. साखर एकाएकी धोक्याच्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी व गर्भवती भगिनींनीही तसेच सावध असावे.

आपल्या वाडवडिलांनी दुष्काळात एकमेकांच्या घरी धान्य पोहोचविले. आज सुकाळात एकमेकांचा संयम सांभाळणे, हेही ज्ञातिबंधुत्वच होय.