तरुणाचा ताप, धाप आणि मंदावलेली लघवी
(ठाकुर्ली येथील वार्षिक सभेत केलेले भाषण)



२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरात शिरले. ते ओसरल्यावर मुंबई-ठाणे पट्ट्यात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली आणि धडधाकट तरुणही दगावले. उंदीर-गुरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळलेले हे जंतू पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. ताप येतो तो साधारण पाच ते चौदा दिवसांनी, म्हणजे आपण पाण्यातून चालत घरी आलो होतो हे विसरल्यावर.

असा तरुण आमच्याकडे येतो तेव्हा घरच्यांचे लक्ष धापेकडे असते. आम्ही आधी लघवी किती झाली ते विचारतो. पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल आहेत का, थुंकीत रक्त पडले का, हे पाहतो. धाप फुप्फुसांतील रक्तस्रावाने लागते, तशीच मूत्रपिंडे थकून अंगात साचलेल्या पाण्यानेही लागते. एक्स-रेमध्ये दोन्ही सारखी दिसू शकतात; सलाईन किती द्यायचे हे मात्र त्यावरच ठरते. म्हणून रक्तातील प्राणवायू, प्लेटलेट, क्रिएटिनिन, पोटॅशियम, बिलिरुबिन, लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणी, शिवाय मलेरिया व डेंग्यूच्या चाचण्या पहिल्याच दिवशी व्हाव्यात, असा आमचा आग्रह असतो.

"रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मग इंजेक्शन कशाला?" असे आप्त विचारतात. प्रश्न रास्तच आहे. परंतु पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. तोवर पेनिसिलिन वा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन थांबवून ठेवता येत नाही.

पावसाळा आहे म्हणून प्रत्येक वेळी दोष पाण्यालाच देणेही चुकीचे. १९१९ मध्ये अमेरिकेतील गुडपाश्चर यांनी अठरा वर्षांच्या तरुणाची नोंद केली होती; फुप्फुसांत रक्तस्राव आणि मूत्रपिंडांना सूज. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने असे होऊ शकते. तेव्हा विशेष प्रतिपिंडांच्या तपासण्या व बायॉप्सी लागते, आणि काही दिवसांतच मूत्रपिंडे कायमची जाऊ शकतात. अशा रुग्णाला विनाविलंब मोठ्या रुग्णालयात पाठवण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

राहिला डायलिसिसचा प्रश्न. लेप्टोतून वाचलेल्या बहुतेकांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत पूर्ववत काम करू लागतात. आपल्या देणगीतून होणारे डायलिसिस त्यांना तेवढा अवधी मिळवून देते. शेजारच्या खाटेवरील कायमच्या रुग्णाकडे पाहून आप्तांनी संमती देण्यास दिवस लावू नये, ही आमची विनंती आहे.