तळ दिसेपर्यंत

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितले होते, "तुम्ही रेल्वेत आहात, वंदे भारतवर बोला." मी म्हटले, रेल्वेबद्दल रोज आठ तास ऐकतो आणि ऐकवतो, बाप्पापुढे तरी सुटी द्या. मी वॉशिंग मशीनवर बोलणार आहे. हे ऐकून ते हसले. आमच्या घरी मात्र या विषयावर दोन महिने कोणी हसले नव्हते.

मी डिप्लोमावाला माणूस. कॅरेज अँड वॅगनमध्ये बावीस वर्षे झाली. यंत्र बिघडले की आधी उघडून बघायचे, मग मत द्यायचे, ही आमची सवय. २०१९ साली आम्ही झाशीत घर घेतले आणि समोरून दार असलेले मशीन आणले. दुकानदाराने सांगितले, "साहब, ये पानी देखकर समझ जाती है कि कपड़ा कितना मैला है." मला वाटले, विकण्यासाठी बोलतोय. पण ते खरे होते.

टबाच्या तळाशी, पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, इंग्रजी यू अक्षरासारखा एक छोटा तुकडा असतो. त्याच्या एका पायात डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश देणारा दिवा, समोरच्या पायात तो टिपणारा डोळा. मधून पाणी जाते. पाणी स्वच्छ तर प्रकाश पलीकडे पोहोचतो, गढूळ तर मातीचे कण तो विखुरतात आणि डोळ्याला कमी मिळतो. मशीन एवढेच मोजते. आमच्या एलएचबीच्या वातानुकूलित डब्यांत धूर ओळखणारी यंत्रणा असते, तिचा जीवही प्रकाश आणि कण यांच्या खेळातच आहे. तिथे हवेत धूर, इथे पाण्यात मळ. संडासात बिडी ओढणाऱ्याला वाटते कोणी पाहत नाही, आणि गाडी उभी राहते!

गंमत पुढेच आहे. मशीन नुसते पाणी किती गढूळ ते बघत नाही, किती वेळात गढूळ झाले तेही बघते. चिखल, धूळ पाण्यात लगेच सुटते, म्हणून गढूळपणा भराभर वाढून थांबतो. तेल, तूप, आमच्या ऑइलचे डाग हळूहळू सुटतात, म्हणून तो सावकाश चढत राहतो. त्यावरून कपडे किती वेळ धुवायचे हे ठरते. आता "थोडे मळके", "बरेच मळके" असले शब्द यंत्राला कसे कळणार? त्यासाठी बर्कलीचे प्राध्यापक लोत्फी झादे यांनी १९६५ साली मांडलेले गणित कामी आले. हो आणि नाही यांच्या मधल्या पायऱ्यांचे गणित, त्यालाच फजी लॉजिक म्हणतात. जपान्यांनी ते उचलले. १९८७ साली सेंदाई शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली, तिच्या गाड्या याच गणिताने वेग धरत आणि ब्रेक लावत. कपडे धुण्याचे फजी मशीन मात्सुशिताने १९९० साली बाजारात आणले, म्हणजे रेल्वेनंतर. तेव्हा वहिनींनो, तुमच्या मशीनच्या आधी मान आमच्या खात्याचा!

आता घरची गोष्ट. आमच्या सोसायटीत कूपनलिकेचे पाणी आहे. दिसायला स्वच्छ, पण जड. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणत, आठवत असेल. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेले असते आणि साबणाचा बराचसा भाग त्यांच्याशी झुंजण्यातच जातो. फेस होत नाही म्हणून आम्ही एकाच्या जागी दोन माप पावडर घालू लागलो. गेल्या वर्षी लक्षात आले, की सव्वा तासात होणारे धुणे दोन तास चालते आहे. मशीन उगाचच जास्तीचे खळबळणे करत होते. उन्हाळ्यात टाकी रिकामी. वरच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात विचारले, "क्या भाईसाहब, पूरे मोहल्ले के कपड़े धो रहे हो?" मिस्त्री आला, म्हणाला कार्ड बदलावे लागेल. आकडा ऐकून मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

नोकरीत एक धडा मिळालेला आहे. उपकरण ओरडले, तर आधी त्याची काच पुसा. एका रविवारी मशीन आडवे केले आणि तो तुकडा काढला. त्याच्या दोन्ही पायांवर चुन्याचा पांढरा थर! मशीन स्वच्छ पाण्यात आपले शून्य ठरवून थोडाफार थर सांभाळून घेते, पण त्यालाही मर्यादा असते. मग त्याला प्रत्येक पाणी गढूळच दिसते. मऊ फडक्याने तुकडा पुसला, जोडला, माहितीपुस्तिका वाचून रिकामे मशीन सायट्रिक ॲसिड घालून गरम पाण्यावर चालवले. धुणे पुन्हा सव्वा तासावर आले. मी आठवडाभर छाती काढून हिंडत होतो.

पंधरा दिवसांनी आईच्या मानेवर आणि काखेत खाज सुरू झाली.

वडील गेल्यावर आई साताऱ्याहून आमच्याकडे आली. तक्रार करायची नाही, हा तिचा स्वभाव. रात्री उठून खोबरेल लावताना बायकोने पाहिले म्हणून कळले. डॉक्टरांनी मलम दिले आणि विचारले, "कपड्यांत साबण तर राहत नाही ना?" मी ठामपणे म्हणालो, शक्य नाही, मशीन पाणी तपासते. आई घरी आल्यावर काही बोलली नाही. तिने वाळलेले पातळ उचलले, बादलीत बुडवले, पिळले आणि मला म्हणाली, "हात घाल." पाणी बुळबुळीत होते. वरून मात्र अगदी नितळ!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो डोळा गढूळपणा पाहतो. कण दिसतात, फेस दिसतो. पाण्यात पूर्ण विरघळलेला साबण त्याला दिसत नाही, जडपणा तर मुळीच नाही. आम्ही दुप्पट पावडर घालत होतो आणि थर चढलेला आंधळा डोळा उगाच जास्त खळबळून ती काढून टाकत होता. दोन चुका एकमेकींना सांभाळत होत्या. मी त्यातली एक हुशारीने दुरुस्त केली आणि दुसरी आईच्या मानेवर निघाली.

बहुतेक मशीनमध्ये पावडर आपणच घालतो, मशीन फक्त वेळ आणि पाणी ठरवते, हे मी विसरलो होतो. हल्ली द्रव साबणाची टाकी असलेली, स्वतः माप घेणारी मशीन मिळतात, पण त्यांनाही पाणी किती जड ते आपणच सांगावे लागते. मग मी एक प्रयोग केला, तुम्हीही करून पाहा. धुतलेले कपडे पावडर न घालता पुन्हा लावा आणि दाराच्या काचेतून बघा. आमच्याकडे दूधवाल्याच्या किटलीसारखा फेस आला. दर धुण्याला पावडर थोडी थोडी कमी करत गेलो, पाऊण मापावर येऊन थांबलो, कपडे तितकेच स्वच्छ. एक जादा खळबळणे कायमचे लावून ठेवले आहे. त्याचे पाणी बादलीत धरून जिना धुतो, त्यामुळे वरच्यांशी बोलणे पुन्हा सुरू झाले.

आईची खाज महिन्याभरात गेली. मलमाने की पावडर कमी केल्याने, हे मी ठरवत नाही, डॉक्टरांचे काम त्यांच्याकडे.

एक सांगायचे राहिले. आईला मी तो तुकडा दाखवला होता, दिवा, डोळा सगळे समजावून. ती म्हणाली, "अरे, कृष्णेवरून आणलेल्या पाण्यात आम्ही कपडे पिळायचो तेव्हा बादलीचा तळ दिसेपर्यंत पाणी बदलायचो. तेच की हे." मी म्हटले, हो, तेच. जुन्या काळी गढूळपणा मोजायला साहेब लोक मेणबत्तीवर काचेची नळी धरून ज्योत दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतत, तेही तेच. "आणि तळ दिसल्यावर?" तिने विचारले. मी गप्प. "तळ दिसल्यावर हात घालून बघायचो," ती म्हणाली.

आई आज इथेच बसली आहे, तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. पावडरच्या मापाविषयी काही विचारायचे असेल तर तिला विचारा. मशीन उघडायचे असेल तर मला रविवारी सकाळी बोलवा, मात्र आधी प्लग काढून ठेवा. आरतीची घंटा झाली, मी थांबतो. गणपती बाप्पा मोरया!