गोशामहालची बारादरी



बीडच्या व्यासपीठावरून हैदराबादच्या वास्तूविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण 1948 पर्यंत आपला जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. तेव्हा ती वास्तू आपल्याला परकी नव्हे.

तानाशाह कुतुबशाहाने 1682 साली ही बारादरी बांधली. पाचच वर्षांत गोवळकोंडा औरंगजेबाने घेतला. पुढे 1872 साली बारादरी फ्रीमेसनांच्या हाती आली. यातली मौज पाहा! बारादरी म्हणजे चहूंकडून वाऱ्याला मोकळी इमारत. आणि तीत येऊन बसली ती दारे लावून कारभार करणारी मंडळी. या पंथाचे दालन म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, दोन खांब, पूर्वेला प्रमुखाचे आसन. चिन्हे गुण्या, ओळंबा, कंपास. साधने सगळी गवंड्याची. बसणारे मात्र बहुधा सरदार, अंमलदार आणि वकील!

तरीही त्यांना एक श्रेय दिलेच पाहिजे. मुंबईत 1843 साली जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांसाठी लॉज काढले, माणकजी करसेटजी त्यात आले. पारशी, मुसलमान, इंग्रज एका पातळीवर बसू लागले. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. स्त्रियांना मात्र तिथे मज्जाव होता, हेही सांगितले पाहिजे.

बाहेरच्या लोकांनी अशा वास्तूला नाव दिले ‘जादूघर’. आम्हांला त्यांना हसावेसे वाटत नाही. आतले कोणी सांगत नव्हते, मग त्यांनी दुसरे काय म्हणावे? वर्षातून एखादा दिवस तरी या मंडळींनी बारादरीची दारे सर्वांना उघडावीत, एवढेच आमचे मागणे आहे.