दोन काळांची कादंबरी आणि आपल्या घरातली पेटी
(पवई येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात, अशी तक्रार पालक आमच्याकडे नेहमी करतात. आज मी एका विशिष्ट प्रकारच्या कादंबरीची बाजू मांडणार आहे. या प्रकारात दोन काळ आलटून पालटून येतात. आजची एखादी मुलगी नानीची पेटी उघडते, तिला जुनी पत्रे सापडतात. पुढच्या प्रकरणात नानी आणि तिची बहीण तरुण असतात. घराने लपविलेली गोष्ट हळूहळू उलगडत जाते. इंग्रजीत ए. एस. बायट या लेखिकेची 'पझेशन' ही अशीच कादंबरी. तिला १९९० साली बुकर पारितोषिक मिळाले.

अशी गोष्ट शोधायला विलायतेस जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या फैजी घराण्यातील जोहरा, नाझली आणि अतिया या तीन बहिणींचेच पाहा. नाझली जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम झाली. पुढे तो विवाह टिकला नाही. अतिया १९०६ साली अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली. तिकडून ती रोजनिशी लिहून घरी धाडी, आणि थोरली बहीण जोहरा ती नीट करून लाहोरच्या 'तहज़ीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू पत्राकडे पाठवी. १९२१ साली त्याचेच 'ज़माना-ए-तहसील' हे पुस्तक निघाले.

आता यातले गुपित ऐका. १९०७ साली विलायतेत अतियाची महंमद इक्बाल यांच्याशी ओळख झाली. रोजनिशीच्या पुस्तकात त्यांचे उल्लेख मोजकेच आहेत. पण १९४७ साली, इक्बाल निवर्तल्यानंतर नऊ वर्षांनी, अतियाने त्यांची पत्रे आणि आठवणी छापल्या. त्यात त्याच दिवसांची हकीकत कितीतरी विस्ताराने आली. दिवस तेच, लिहिणारी तीच. मध्ये चाळीस वर्षे गेली. तरुण अविवाहित मुलीची रोजनिशी चारचौघांत छापायची, तर काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा विचार बहिणींना करावाच लागला असणार, असे मला वाटते. वाचकाने इथेच थांबून विचारावे: ही गोष्ट कोणी सांगितली, केव्हा सांगितली, आणि कोण ऐकत होते? इतिहासाच्या तासाला आम्ही हाच प्रश्न शिकवतो. चांगली कादंबरी तो गोडीने शिकवते.

पालकहो, फैजी बहिणी श्रीमंत होत्या, शिकलेल्या होत्या, म्हणून त्यांचे लिखाण छापले गेले. आपल्या पवईत कोणी कोकणातून आले, कोणी मराठवाड्यातून, कोणी उत्तरेकडून. येताना एखादी पत्र्याची पेटी बरोबर आली असेल. तीत निकाहनामा असेल, परदेशी कमावणाऱ्याचे पत्र असेल, एखादा फोटो असेल. नानीची लिपी नातवंडांना वाचता येत नाही, म्हणून ते कागद रद्दीत जातात. कधी मोठी माणसे मुद्दाम जाळून टाकतात. कुणाचा तलाक झाला, कुणी बहिणीचे मूल आपले म्हणून वाढविले, कुणा मुलीची शाळा सोडविली, हे मुलांना कळू नये असे त्यांना वाटते. परंतु मुलांना घरात काहीतरी दडविले आहे एवढे कळतेच, आणि मग ती मनाने वाटेल ते तर्क करीत बसतात.

सर्व काही चव्हाट्यावर मांडा, असे माझे म्हणणे नाही. हयात माणसाची अब्रू जपलीच पाहिजे. पण घरातल्या मुलीला, ती जाणती झाली की, तिच्या आजीची खरी हकीकत कळण्याचा हक्क आहे. आजीची शाळा का सुटली हे जिला समजले, ती आपली शाळा सहजासहजी सुटू देणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या सुटीत घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीजवळ वही घेऊन बसा. आधी तिची परवानगी घ्या. नाव, गाव, साल लिहा. तिला साल आठवत नसेल तर पाऊस, लग्न, जन्म यांच्या खुणेने विचारा. ती सांगणार नाही ते ओढून काढू नका. ऐकलेले एका पानावर आणि स्वतःचा तर्क दुसऱ्या पानावर ठेवा. कादंबरीकाराला दोन्हींची सरमिसळ करण्याची मुभा असते; तुम्ही मात्र आधी वेगळे ठेवायला शिका. आणि नानीला बहीण असेल, तर तिच्याकडेही जा. तीच गोष्ट ती निराळी सांगेल. तीही लिहून ठेवा.